मागच्या डाव्या दारावरची रेघ

रविवारी दुपारी साडू गाडी बघायला येणार आणि आपल्या गॅरेजमध्ये धड उजेड नाही, ही गोष्ट गोरक्षनाथ दरंदल्यांच्या लक्षात आली मंगळवारी सकाळी, तोंडात ब्रश असताना. चूळ भरायच्या आधीच त्यांनी बायकोला हाक मारली.

"झुंबर, गॅरेजला लाईट करावी लागतेय."

"आधी थुंका," झुंबरबाई म्हणाल्या. "आन मग सांगा, गाडी बाहेर काढून उन्हात उभी केली तर काय बिघडतं?"

"उन्हात काय, पत्र्याचा डबापण चमकतो. रंग बघायचा असतो ट्यूबखाली."

रंगाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. रंगवून आलेलं प्रत्येक दार, प्रत्येक झाकण त्यांच्यासमोरून जायचं आणि पास की रिजेक्ट, हे ते ठरवायचे. बहुतेक वेळा रिजेक्ट. मॅनेजर डोक्यावर येऊन उभा राहायचा, माल न्यायला आलेला ट्रक गेटवर हॉर्न वाजवायचा, पण दरंदले साहेब एकदा नाही म्हणाले की नाही. त्यांनी पास केलेला एकही नग एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाकडून परत आला नव्हता. हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं, कारण त्यांनी घरोघर जाऊन ते सांगितलं होतं. पण माणूस खरं सांगत होता, त्यामुळे लोकही ऐकून घेत.

आता गंमत बघा. कुकर घेताना झाकण तीन बाजूंनी उजेडात धरून बघणाऱ्या या माणसानं महिन्यापूर्वी गाडी घेतली ती दिवेलागणीला, सोनईच्या एका बागायतदाराच्या अंगणात, एका पिवळ्या बल्बखाली. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला गाडी घरी आणायची नाही, आणि थांबावं तर दुसरं गिऱ्हाईक टपलेलं. "माझ्या बोटाला कळतं," असं म्हणून गोरक्षनाथांनी बोनेटवरून बोट फिरवलं, दारांवरून फिरवलं, आणि सौदा झाला. गाडी सिल्व्हर रंगाची, सात वर्षं वापरलेली, दिसायला देखणी. घरी आल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं की, रंग कंपनीतून निघाला तेव्हाचाच आहे, बाहेरचा एक ठिपका नाही.

हेच त्यांनी संगमनेरला साडूला फोनवर सांगितलं. साडू म्हणजे वैजनाथराव, झुंबरबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पशुखाद्याचा धंदा जोरात, आणि दोनच महिन्यांपूर्वी शोरूममधून नवी कोरी गाडी काढलेली. ते म्हणाले, "साडूभाऊ, जुनी गाडी म्हणजे कुठंतरी ठोकलेली असतीच. मालक सांगत नसतो एवढंच."

गोरक्षनाथांना हे फार लागलं. गाडीला नावं ठेवली असती तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. पण हे त्यांच्या डोळ्यावर बोलणं होतं, आणि त्या डोळ्यावर त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. "रविवारी या," ते म्हणाले. "दाखवतोच."

तर असा तो उजेडाचा प्रश्न होता. गॅरेज म्हणजे घराखालीच काढलेली लांबट खोली, पुढं शटर, आत एक मिणमिणता बल्ब. गाडी आत गेली की तिचा रंग कोणता, हे आठवणीनंच सांगावं लागे. झुंबरबाईंनी दोन हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही, असं बजावलं. "हॉलला सात वर्षं रंग न्हाई," त्या म्हणाल्या, "आन गाडीच्या खोलीत दिवाळी."

साहेबांनी कागद घेतला आणि कंपनीत करत तसा आराखडा केला. उजेड वाढवायचा पहिला स्वस्त उपाय म्हणजे भिंती आणि छत पांढरंफेक करायचं, म्हणजे आहे तो उजेडही उधळून येतो. दुसरा उपाय म्हणजे ट्यूब योग्य जागी लावायच्या. सावेडीत एका शिकवणीवाल्यांनी नवे दिवे बसवले होते, त्यांच्या काढलेल्या आठ एलईडी ट्यूबा साहेबांनी जवळजवळ फुकटात आणल्या. त्यातल्या तीन पिवळसर निघाल्या, त्या शिकवणीवाल्यांना परत नेऊन दिल्या आणि तीन पांढऱ्या निवडून आणल्या. फुकटच्या ट्यूबा रिजेक्ट करणारं गिऱ्हाईक त्या मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिलं.

पण पांढरं करायचं तर खोली रिकामी हवी. गव्हाची कोठी, कांद्याच्या नऊ गोण्या, मोडका कूलर आणि झुंबरबाईंच्या माहेरचा पाटा हे सगळं हॉलमध्ये आलं. सोफ्यावर गोण्या बसल्या आणि माणसं खाली बसू लागली. "चारच दिवस," साहेब म्हणाले. झुंबरबाईंनी त्यांचं जेवणाचं ताट गव्हाच्या कोठीवर मांडलं.

छताला ब्रशनं हात मारायला माणूस लावावा तर दोन हजार तिथंच संपत होते. म्हणून गोरक्षनाथांनी मुजफ्फरला फोन केला.

मुजफ्फर शेखनं त्याच पेंट शॉपमध्ये बावीस वर्षं स्प्रे मारला होता. म्हणजे तो रंगवायचा आणि साहेब रिजेक्ट करायचे. कधी रंगाला ओघळ, कधी धुळीचा कण, कधी शेड जरा उजवीकडं, कधी जरा डावीकडं. बावीस वर्षांत त्याचा माल दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला पास व्हायचा, पण पहिल्याच फेरीला साहेबांनी बघितलं आणि पास म्हटलं, असं एकदाही झालं नव्हतं. पुढं त्यानं नोकरी सोडली आणि भिंगार रोडला स्वतःचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज टाकलं. तरी साहेबांचा फोन आला की आजही तो उभा राहून बोलायचा.

गुरुवारी तो कॉम्प्रेसर आणि जुनी गन घेऊन हजर झाला. "साहेब, चुना गनमधून मारायचा म्हंजे गनचा घसा बसतोय," तो म्हणाला. "पन तुमी म्हंता तर मारू."

आधी गाडी बाहेर ढकलायची होती. साहेब स्टिअरिंगला, मुजफ्फर मागं. त्यानं गाडीला हात लावला आणि मागच्या डाव्या दारापाशी तो थांबला.

हे दार त्यानं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी सोनईचा एक बागायतदार हीच गाडी घेऊन त्याच्याकडं आला होता. उसाच्या ट्रॉलीनं मागचं डावं दार पार चेपून टाकलेलं. मुजफ्फरनं भंगारातून तसलंच एक लाल दार आणलं, बसवलं आणि सिल्व्हरची शेड जुळवायला तीन दिवस घेतले. सिल्व्हर हा रंगाऱ्याचा जीव काढणारा रंग. त्या वेळी काम झाल्यावर तो दारापुढं बराच वेळ उभा राहिला होता आणि त्याच्या मनात आलं होतं की, हे साहेबांनी बघायला पाहिजे होतं.

आणि आता ते साहेबांच्याच दारात उभं होतं.

"काय बघतोस?" गोरक्षनाथांनी आरशातून विचारलं.

"न्हाई, दार..."

"हां, दार बघ," साहेब खाली उतरून आले. "बघून घे. याला म्हणतात कंपनीचा रंग. पुढच्या दारात आणि मागच्या दारात केसाएवढा फरक नाही. बावीस वर्षं मी तुला हेच सांगत होतो की नाही? असं एक दार तू मला करून दिलं असतंस, तर मी डोळे मिटून पास केलं असतं."

साहेब पुन्हा स्टिअरिंगला बसले. मग मुजफ्फरनं गाडी इतकी जोरात ढकलली की ती थेट फाटकापर्यंत गेली.

चुन्याचं काम पुढं जसं व्हायचं तसंच झालं. गनचा घसा खरंच बसला, तो साफ करून पुन्हा दाबली तर एकदम सुटली. छत पांढरं झालं, भिंती झाल्या, तुळस झाली आणि अंगणातल्या दोरीवरच्या झुंबरबाईंच्या चार साड्याही झाल्या. साहेबांनी छताला बोट लावलं, दोन ठिकाणी "पातळ आहे" म्हणाले आणि पुन्हा मारायला लावलं. मुजफ्फरनं मुकाट्यानं मारलं.

घरी जाऊन त्यानं बायकोला, अल्मासला सगळं सांगितलं. भाकरी तव्यावर टाकता टाकता तिनं ऐकून घेतलं.

"सांगून टाकू का साहेबाला?" त्यानं विचारलं.

"सांगून काय व्हनार? ते म्हातारं माणूस चार लोकात छाती काढून फिरतंय, त्याची छाती बसंल."

"पन माझं काम हाय ते. त्यांनी सोताच्या तोंडानं पास म्हटलं, आन मी ऐकून घरी आलो."

"बावीस वर्ष रिजेक्ट पचवलं तुमी," अल्मास म्हणाली, "एक पास पचत न्हाई व्हय?"

मुजफ्फरनं ताट पुढं ओढलं. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी ट्यूबा लागल्या. चार-चार ट्यूबा एकापुढं एक, गाडीच्या लांबीनं दोन सरळ ओळी, दोरी धरून मापलेल्या. साहेबांनी बटण दाबलं आणि अख्ख्या घराची वीज गेली. वर झुंबरबाईंचा मिक्सर अर्ध्या चटणीवर थांबला. ओला चुना बोर्डात शिरला होता. बोर्ड सुकवायला साहेबांनी मुलीचा जुना हेअर ड्रायर शोधून काढला, आणि तो हातात घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, घरात वीज नाही म्हणून तर हे चाललंय. शेवटी झुंबरबाईंनी सूप आणून दिलं. एकतीस वर्षं पेंट शॉप गाजवलेले साहेब तासभर स्विचबोर्डाला सुपानं वारा घालत उभे होते, आणि खरं सांगायचं तर ते मजेत होते.

संध्याकाळी दिवे लागले. आता मात्र झुंबरबाईंनाही कौतुक वाटलं. खोली दुधासारखी उजळली होती, जमिनीवर पडलेली टाचणी दिसत होती. गाडी आत घेतली तर तिच्या अंगावर ट्यूबांच्या दोन लखलखीत रेघा उमटल्या. साहेबांनी बायकोला समजावून सांगितलं, "ट्यूबची रेघ पत्र्यावर सरळ पडली की समजायचं पत्रा जन्मल्यापासून तसाच आहे. रेघ थरथरली की तिथं नंतर कुणाचा तरी हात फिरलाय. कंपनीत याच्यासाठी लाखाची खोली बांधली होती. मी दोन हजारांत केली."

मग ते गाडीभोवती फिरले. पुढची दारं सरळ. मागचं उजवं सरळ. मागचं डावं तर इतकं सरळ की, ते तिथं जरा जास्तच वेळ थांबले. आपण पिवळ्या बल्बखालीही चुकलो नाही, याचा त्यांना जो आनंद झाला तो शब्दांत सांगण्यासारखा नव्हता, तरी त्यांनी तो फोनवरून सहा जणांना सांगितला. मुजफ्फरलाही सांगितला, आणि रविवारी चहाला बोलावलं.

रविवारी चारला साडू आले. हॉलमध्ये सोफ्यावर कांदे बसलेले, त्यामुळे पाहुण्यांच्या खुर्च्या गॅरेजमध्येच मांडल्या. वैजनाथराव, त्यांची बायको, झुंबरबाई, भिंतीला टेकून मुजफ्फर, आणि मधोमध गाडी. साहेबांनी बटण दाबलं, रेघांचं शास्त्र सांगितलं आणि हात पुढं करून एकेक दार दाखवलं.

वैजनाथरावांनी वाकून बघितलं, मागं जाऊन बघितलं. काही सापडेना. मग ते म्हणाले, "तुमच्या लाईटीत सगळंच सरळ दिसत असंल. माझी गाडी लावू का?"

"लावा की."

साहेबांनी आपली गाडी मागच्या भिंतीला टेकवली आणि साडूंच्या गाडीचं तोंड शटरमधून आत घेतलं. नवी कोरी, पांढरीशुभ्र. बोनेटवर रेघ सरळ. उजव्या बाजूला सरळ. डाव्या चाकावरच्या पत्र्यावर आली आणि रेघ लाटा मारायला लागली.

"वैजनाथराव," साहेब हळूच म्हणाले, "हे नंतर रंगवलंय."

"शक्यच न्हाई. शोरूमची गाडी हाय."

"शोरूमबद्दल मी काही बोलत नाही. हे दोन महिन्यांच्या आतलं काम आहे, आणि घाईचं आहे."

वैजनाथरावांच्या बायकोनं चहाचा कप खाली ठेवला. "अहो, तिसऱ्या दिवशी तुमी गाडी सर्व्हिशिंगला म्हनून नेली हुती, ती कुठं नेल्ती?"

वैजनाथरावांनी आठ ट्यूबांच्या उजेडात इकडंतिकडं बघितलं. अंधारा कोपरा कुठंच नव्हता. "गोडाऊनच्या गेटला जरा घासली," ते म्हणाले.

"आन मी चालवायला मागितली तवा म्हनलात, बायकांच्या हातात गाडी टिकत न्हाई."

पुढची पाच मिनिटं फक्त धाकट्या बहिणीची होती. ती संपली तेव्हा वैजनाथरावांचे कान लाल झाले होते, आणि आता काही झालं तरी त्यांना साडूची गाडी खोटी ठरवायची होती. ते मुजफ्फरकडं वळले.

"तुमी रंगाचं काम करता ना? अल्लाला स्मरून सांगा, साडूभाऊंची गाडी कंपनीतून आली तशीच हाय?"

सगळे मुजफ्फरकडं बघू लागले. साहेब तर इतक्या विश्वासानं बघत होते की, मुजफ्फरला त्यांच्याकडं बघवेना. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्याच्यासमोर आठ ट्यूबांखाली चमकत होतं. एक शब्द बोलला असता तर ते त्याचं झालं असतं.

"त्याचं नाव कशाला मधी आनता," तो म्हणाला. "साहेबानं पास केलं म्हंजे पास. माझी काय टाप त्यांच्यावर बोलायची."

"ऐकलं?" साहेब म्हणाले. त्यांची छाती भरून आली होती, आणि भरून आलेल्या छातीनं माणूस एक पाऊल जास्तच पुढं जातो. "आता तुमची शंका मुळातूनच काढतो. बाहेरून रंगवलेली गाडी ओळखायची असेल, तर दाराचं रबर उचकटून बघायचं. आतला रंग खोटं बोलत नाही."

"साहेब, ऱ्हाऊ द्या," मुजफ्फर पुढं सरसावला. "रबर खराब व्हईल."

"होऊ दे."

आता चार दारांपैकी कुठलंही उघडता आलं असतं. पण साहेबांना त्यातलं सर्वांत देखणं दार दाखवायचं होतं. त्यांनी मागचं डावं दार उघडलं, कडेचं रबर नखानं वर केलं आणि बाजूला ओढलं.

आत बोटभर लाल पट्टा होता. कुंकवासारखा लाल, आणि त्या उजेडात तर संगमनेरहूनही दिसला असता.

झुंबरबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. दोन हजारांत केलेल्या त्या उजेडात साहेब एकदम म्हातारे दिसायला लागले. वैजनाथरावांना हसायचं होतं, पण त्यांनाही जमलं नाही.

साहेबांनी दार लावलं. पुन्हा उघडलं. रेघ बघितली. गुडघ्यावर बसून खालून बघितली, मग पुढच्या दारावरून मागच्या दारावर बोट फिरवत नेलं, डोळे मिटून. असं दोनदा केलं. मग ते न वळताच म्हणाले, "हे आत लाल कुणी ठेवलं असेल? एवढं करणाऱ्याला ते झाकणं काय अवघड होतं?"

मुजफ्फरला राहवलं नाही. "झाकायचं नसतं साहेब. ज्याला बघायचं त्याला दिसलं पायजे. न्हाईतर ती फसवनूक झाली."

साहेब सावकाश वळले. "तुला काय माहीत?"

मुजफ्फर आपल्या चपलांकडं बघत राहिला. बावीस वर्षं तो असाच उभा राहायचा, निकालाची वाट बघत.

"तू केलंस?"

"व्हय साहेब."

"सिल्व्हरची शेड कशी जुळवलीस?"

"तीन दिस लागले. पैल्या दोनदा सोताच रिजेक्ट केली."

"का?"

"तुमी असता तर केली असती, म्हनून."

गोरक्षनाथांनी शर्टाची कॉलर नीट केली, मालाच्या रांगेपुढं उभे राहायचे तसे दारापुढं उभे राहिले आणि पेंट शॉपच्या कोपऱ्यापर्यंत जायचा त्या आवाजात म्हणाले, "शेड बरोबर. रेघ बरोबर. पहिल्याच फेरीत पास."

मुजफ्फरनं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. चुना डोळ्यात गेला, असं तो म्हणाला. चुना गुरुवारीच मारून झाला होता, पण कुणी तो विषय काढला नाही. झुंबरबाईंनी त्याच्या हातात दुसरा चहा दिला, आणि वैजनाथराव खाकरून म्हणाले, "शेखसाहेब, आमचं ते चाकावरचं कधी घेता हाती?"

तेव्हापासून गोरक्षनाथांच्या गॅरेजला माणसांची ये-जा वाढली आहे. कांदे अजून सोफ्यावरच आहेत, कारण खुर्च्या गॅरेजमधून हलायलाच तयार नाहीत. आलेल्या पाहुण्याला साहेब आधी गाडीभोवती फिरवतात आणि विचारतात, "चारातलं एक दार बदललेलं आहे. कुठलं ते सांगा." पाहुणा वाकून बघतो, बोट फिरवतो, हरतो. मग साहेब स्वतःच रबर ओढून लाल पट्टा दाखवतात.

"एकतीस वर्षांत मला फसवणारा एकच रंगारी निघाला," ते छाती काढून सांगतात. "आणि त्याला तयार कुणी केला? बावीस वर्षं एकेक नग परत पाठवून पाठवून, मी."

मुजफ्फर तिथं असला तर मान डोलवतो आणि म्हणतो, "ते मातर खरं हाय साहेब."